काचेआडचे चोवीस टॅब

संगणकाच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘किल्लीबाई’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यातच असायची. कपाटात काचेआड चोवीस टॅब होते, चार वर्षांपूर्वी आले तसेच, पडद्यावरचं पातळ प्लास्टिकही न काढलेले. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी तिथं नेत. “बघा, आमची मुलं उद्याच्या जगासाठी तयार होताहेत!” मुलं तेव्हा मागे हात बांधून उभी राहत.

तास घ्यायला बाईंनी कधी कुचराई केली नाही. फळ्यावर टॅबचं मोठं चित्र काढायचं, बाण दाखवायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचं. कुणी भीतभीत खरा टॅब मागितला, तर उत्तर ठरलेलं. “हात लावायचा नाही. बिघडला की बसाल बोंबलत.”

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाई मूळच्या शिवणकामाच्या. तो विषय बंद झाला आणि पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणावर त्या संगणकाच्या झाल्या. पहिल्याच आठवड्यात टॅब त्यांच्या हातात अडकून बसला, पहिल्या बाकावरच्या एकीनं तो चुटकीसरशी सुरू करून दिला, आणि वर्ग खो खो हसला. ते हसू बाईंच्या जिव्हारी लागलं. कुलूप त्याच दिवशी लागलं.

यंदा नववीतली गवंड्याची मुलगी तंत्रशाळेच्या प्रवेश परीक्षेला बसली. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. तिथं शिकणं, राहणं, सगळं फुकट. एरवी दहावीनंतर तिचं शिक्षण थांबणार हे घरात ठरूनच गेलं होतं. परीक्षा मात्र टॅबच्या पडद्यावर होती.

निकालात तिला शून्य.

“शून्य कसं हो, बाई?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“घाबरट आहे पोरगी,” बाई म्हणून गेल्या. “तयारी कमी पडली.”

दारात ती मुलगीच उभी होती. हातात कच्च्या कामाचा कागद, त्यावर तीसच्या तीस गणितं सोडवलेली. परीक्षेच्या खोलीत पडद्याला बोट लावायचा तिला धीरच झाला नव्हता. तिनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं उत्तरं हलकेच टोचून पाहिली होती. पडदा काही दाद देईना. शेवटी वेळ संपली.

बाई बाहेर आल्या तशी ती म्हणाली, “चुकलं माझं, बाई. तुमचं नाव घालवलं. पण टॅबवर डाग नाही पडू दिला मी.”

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्गातल्या हसण्यानं आलेली लाज आता त्यांना पोरखेळ वाटली. एका लेकराच्या डोक्यावर आपला दोष ठेवून आपण साळसूदपणे बोललो, आणि ते लेकरू आपलीच माफी मागतंय! घरी जाऊन त्यांना घास गिळवेना.

सकाळी त्यांनी तंत्रशाळेच्या नावे अर्ज लिहिला. मी या मुलीला टॅब कधी हाताळू दिला नाही, दोष माझा आहे, परीक्षा पुन्हा घ्यावी.

मुख्याध्यापक वाचून चपापले. “शाळेची अब्रू जाईल, बाई.”

“माझी जाईल,” बाई म्हणाल्या. “सही करा.”

फेरपरीक्षा मिळाली. ती नऊ दिवसांनी होणार होती.

बाईंनी सगळ्या वर्गासमोर कपाट उघडलं. एक टॅब सुरू होईना. दुसरा होईना. दिवसभर चार्जिंगला लावूनही चोवीसांतला एकही जागा झाला नाही. दोन टॅबची तर पाठ फुगून वर आली होती. चार वर्षं न वापरता ठेवून बॅटऱ्या मेल्या होत्या. मुलं हसतील म्हणून बाई मान खाली घालून थांबल्या. कुणीच हसलं नाही, ते जास्त झोंबलं.

त्यांनी पर्समधून स्वतःचा फोन काढला. सराव परीक्षा त्यांच्या लेकीनं आदल्या रात्री त्यात घालून दिली होती. फोन त्यांनी गवंड्याच्या मुलीच्या हातात ठेवला.

तिचं बोट पडद्याच्या वर थांबलं. “कुठे दाबू, बाई?”

वर्ग बघत होता.

“मला येत नाही गं,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “तू दाबून बघ, आणि मग मलाही दाखव.”