बसवलेला दगड

आमच्या गडावरचं तळं मी फोडलं. काशिनाथदादांनी नाही, आणखी कुणी नाही – मी. नऊ वर्षं हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. घरात नाही, शाळेत नाही, मंडळाच्या बैठकीत तर नाहीच. तुम्हाला आधी हेच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना मी बरा माणूस वाटण्याचा संभव आहे.

मी रोह्याला शाळेत इतिहास शिकवतो, राहतो पलीकडच्या अष्टमी गावात. दर हिवाळ्यात आमचं दुर्गसंवर्धन मंडळ शनिवारी गडावर मुक्कामाला जातं. तळ्याच्या काठी चटया अंथरायच्या, सकाळी पाण्यात तटाची सावली बघत चहा घ्यायचा आणि मग एकेक कोपरा मातीचा बांध घालून उपसायचा, गाळ काढायचा. पायथ्याच्या गावचे काशिनाथदादा आमचे वाटाडे. घरची भातशेती, चार गुरं. चाळीस जणांच्या भाकऱ्या त्यांच्याच घरून यायच्या.

त्या रविवारी कोपऱ्यात खाली दादा आणि मी, दोघंच होतो. गाळाखाली एक दगड लागला. घट्ट. तटाचा ढासळलेला असेल, असं मला वाटलं. मी पहार उचलली.

"सर, तिथं पहार नका घालू. तो पडलेला दगड नाय. बसवलेला हाय."

मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, इतिहास माझ्याकडे राहू द्या, तुम्ही भाकऱ्यांचं बघा!" काठावर चहा घेणारे, कशाबद्दल ते न कळताच, हसले. दादाही हसले – ते मला अजून लागतं. मग ते भाकऱ्या आणायला निघून गेले.

दगड निघाला. मागे कातळात हातभर भेग, आणि दगडाला चिकटलेले पांढरे गोळे. चुना. मला कळलं – त्याच क्षणी कळलं, बरं का. कुणीतरी फार पूर्वी ती भेग बुजवून पाणी राखलं होतं. मग इतिहासाच्या मास्तरानं काय केलं? दगड तटाच्या ढासळलेल्या दगडांत ढकलला, ते पांढरे तुकडे पाटीत भरले, वर गाळ लोटला आणि पाटी पुढे दिली.

होळीपर्यंत तळं आटलं. एरवी त्या पाण्यावर गावची गुरं पावसापर्यंत तगायची. कडेला चुना राहिलेली रिकामी भेग सगळ्यांना दिसली आणि बैठकीत प्रश्न निघाला, भेगेतला दगड कुणी काढला? मी एवढंच म्हणालो, "त्या दगडाची माहिती काशिनाथदादांना होती." खरं वाक्य होतं ते! उरलेलं लोकांनी भरलं – घराच्या जोत्याला नेला असेल, म्हणे. मंडळानं त्यांना बोलावणं सोडलं. गावात बाया तोंडावर विचारायच्या, "काय ओ दादा, जोतं पानी पितं का तुमचं?" एकदा ते माझ्या दाराशी आले. मी आतल्या खोलीत उभा, आणि बायकोला म्हणालो – घरी नाहीत म्हणून सांग. काय विचारणार होते ते? एवढी कसली भीती होती मला?

गेल्या वर्षी माघात मी एकटाच गडावर गेलो. तळ्याच्या तळाशी कुणीतरी वाकून भेगेत चिकणमाती ठासत होतं. काशिनाथदादा. दरवर्षी ठासत होते. "पाडव्यापतोर तरी धरतं पानी," म्हणाले. "गुरांना काय ठाव, दगड कोनी काढला."

मी तिथंही कबुली दिली नाही. फक्त विचारलं, पक्कं कसं करायचं? त्यांना सगळं ठाऊक होतं – चुना किती दिवस भिजवायचा, गूळ आणि हिरड्याचं पाणी कधी घालायचं, दगड कुठल्या अंगानं बसवायचा. मंडळाशी भांडून मी त्यांना परत आणलं. तीन आठवडे ते गवंडी आणि आम्ही हाताखालचे. हात चुकला की वरून आवाज यायचा, "ओ सर, शालंत खडूशिवाय काय उचललाव का नाय कधी?"

मधे एक पावसाळा गेला, आणि यंदा मे महिन्यात तळ्यात छातीएवढं पाणी होतं! मे महिन्यात! काठाला ओळीनं गुरं पाणी पीत होती. आम्ही साठ जण मुक्कामाला गेलो. सकाळी ढोल वाजला, नारळ फुटला, अख्खं गाव गड चढून आलं. म्हाताऱ्या माणसांनी ओंजळीनं ते पाणी तोंडाला लावलं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. अध्यक्ष शाल घेऊन माझ्याकडे वळले – आणि त्या आनंदातच माझी भीती कुठल्या कुठे गेली. शाल मी अंगावर घालू दिली नाही. ढोल थांबवायला सांगितला. दादा मागे, माणसांच्या कडेला उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"काशिनाथदादा, तुम्ही मला अडवलं होतंत. मी तुमची चेष्टा केली, दगड उपटला, चुना गाळात लपवला. मग बैठकीत तुमचं नाव घेतलं. तुमच्यावर आळ आला नाही, दादा – मी आणला. तुम्ही दाराशी आलात, तेव्हा मी घरातच होतो. मी तुमचा अपराधी आहे."