रामधनभाऊंनी गाळलेलं वर्ष

आभार मानायचे तर मान खाली घालून, आवाज मऊ करून मानावेत असा सगळीकडचा शिरस्ता आहे. हंसाबाई आडे आभार मानते ती कमरेवर हात ठेवून. नवख्या माणसाला वाटावं, ही बाई देवाशी भांडायला उभी राहिली आहे. उमरखेडकडच्या तिच्या तांड्यात पत्र्याचं एक लहानसं प्रार्थनामंदिर आहे. तिथे साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला, ती उठली की पुढच्या रांगेतली माणसं आधी सावरून बसतात.

प्रभूची वाट तिला सापडली ती ऊसतोडीला गेली असताना. परमुलखात तापानं फणफणली होती, टोळी पुढच्या फडावर निघून गेली होती, आणि एका ख्रिस्ती शिक्षिकेनं तिला आपल्या घरी ठेवून पेज पाजली होती. तांड्यात परतल्यावर हंसाबाईनं हे कोणापासून लपवलं नाही. नवऱ्याला, प्रेमसिंगला, आधी सांगितलं, मग पाणवठ्यावर सगळ्यांना. तांड्यानं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही, पण चिडवायचं सोडलं नाही.

"हंसा, तुह्या देवानं काय देलं वो तुले?"

"देलं ते देलं. तुले कायले हिशोब पायजे?" ती म्हणायची आणि घागर कमरेवर घेऊन चालू लागायची.

पुढे आणखी काही घरं त्या वाटेला आली, मंडळी जमली, पत्रे चढले. रामधन पवार पंच झाले. माणूस भला. तांड्यातला पहिला ट्रॅक्टर त्यांचा, आणि अडल्यानडल्याला तो न मागता दारात उभा करणारेही तेच. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट नीट मांडलेली लागायची, सतरंज्या असोत की देवाची करणी.

दिवाळीनंतर मंडळीत हंगामाचा सण होतो. ज्याच्या वावरात जे पिकलं त्यातलं पहिलं आणून वेदीपुढे ठेवायचं, उपकारस्तुती करायची, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्या दिवशी वेदीपुढे बाजार भरल्यासारखं वाटतं. भोपळे, पपया, शेंगांच्या जुड्या, पाय बांधलेला एखादा कोंबडा. त्या एका वर्षी परतीच्या पावसानं असा काही मुक्काम ठोकला की हंसाबाईचं कापणीला आलेलं सोयाबीन उभ्या उभ्या काळं पडलं. शेंगेतल्या दाण्याला शेंगेतच कोंब फुटले. सणाच्या सकाळी तिनं वावरातून त्याच झाडांचा एक भारा उपटला, डोक्यावर घेतला आणि थेट वेदीपुढे नेऊन टाकला. कुबट वास पत्र्याखाली भरून राहिला. बायकांनी नाकाला पदर लावले.

रामधनभाऊ लगबगीनं पुढे आले. "हंसाबाई, हे काय आणलं? देवाच्या पुढं सडकं ठेवता?"

"माह्या वावरात हेच हाय भाऊ. का दुसऱ्याच्या वावरातून चोरून आणू?"

आणि कमरेवर हात ठेवून ती साक्ष द्यायला उभी राहिली. "देवा, माहं सोयाबीन गेलं. ते गेलं त्याचे आभार मी मानत नाई. मले वाईट वाटलं, म्या बांधावर बसून रडली. पण मी रडून राह्यली होती तवा तू उठून गेला नाई. त्याचे आभार मानते." एवढं बोलून ती खाली बसली. मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं, मग सगळी मंडळी म्हणाली. भारा तिथून हलवायची हिंमत कोणाला झाली नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात प्रेमसिंगच्या छातीत कळ आली. रामधनभाऊंनी ट्रॅक्टर काढला, पण फाट्यावर पोचायच्या आतच ट्रॉलीत हंसाबाईच्या मांडीवर त्यानं डोळे मिटले. तेव्हा मात्र हंसाबाईचं आणि देवाचं खरोखरच भांडण झालं. कितीतरी रविवार ती मंदिरात यायची, शेवटच्या रांगेत बसायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. गाणं नाही, साक्ष नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बोलणं बंद हाय आमचं. येणं बंद नाई." पुन्हा बोलणं कधी सुरू झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. एका रविवारी ती गाऊ लागली, इतकंच.

मग दिवस पालटले. मुलगा इंद्रजीत वीज खात्यात लागला, विहिरीला पाणी लागलं, स्लॅबचं घर झालं. आता लोकांना वाटलं, ही बाई साधी राहील, हात आखडून, डोळे मिटून, विधवेनं राहावं तशी. छे! इंद्रजीतनं फ्रिज आणला तेव्हा तिनं मंदिरात उठून फ्रिजचं नाव घेऊन आभार मानले. पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. रामधनभाऊंनी उपासना संपल्यावर तिला बाजूला घेतलं आणि समजावलं, की साक्ष आत्मिक गोष्टींची द्यावी.

"काहून? थंड पाणी काय सैतानानं देलं?" हंसाबाई म्हणाली. "नसताना आभार मानले तवा तुम्हाले वास आला. आता हाय तर मानू द्या नं भाऊ मोकळ्या मनानं."

तो सगळा उन्हाळा तांड्यातली पोरं तिच्या दारात थंड पाणी प्यायला येत होती, आणि ती प्रत्येकाला बाटली परत भरून ठेवायला लावत होती.

हे सगळं चाललं होतं ते बरंच होतं. बिघडलं ते यंदा.

पोळा तोंडावर असताना तांड्यातल्या ममताची बैलजोडी वीज पडून गेली. दोन्ही बैल निंबाखाली बांधले होते, दोन्ही एकदमच गेले. ममता तरणी बाई, नवरा नेमसिंग कामासाठी बाहेरगावी, शेती तीच बघायची. बैलांना तिनं लेकरांसारखं वाढवलं होतं. तिच्याकडे जाऊन बसणारे पुष्कळ होते. रामधनभाऊही गेले, वासरांच्या जोडीसाठी कोणाकोणाकडे शब्द टाकतो म्हणाले, आणि निघताना चांगल्याच मनानं एक वाक्य बोलून गेले. "हंसाबाईचं उदाहरण पाय. सडक्या सोयाबीनचे आभार मानले त्या बाईनं, अन् देवानं घर भरून देलं. तुह्या आभारात कुठं कमी पडून राह्यलं, ते पाय."

ममतानं पाहिलं. रोज पाहिलं. उठता बसता आपल्या प्रार्थना आठवून आठवून त्यांत खोट शोधत राहिली. मग तिनं मंदिरात येणं सोडलं.

हंसाबाईला हे कळलं ते सणाच्या आधीच्या दिवशी. ती ममताच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "उद्या सण हाय. काय आणतं?"

"मी नाई येत काकी."

"काहून?"

"काय घेऊन येऊ? अन् आभार कायचे मानू?" ममता रिकाम्या गोठ्याकडे बघत होती. "तुम्ही मानले, तुम्हाले भेटलं. माह्ये आभार खोटे होते म्हणून माह्ये बैल गेले. देवाले मी नको असन."

  हंसाबाईच्या ध्यानात आलं, आपण कधीतरी मंदिरात बोललेलं वाक्य कोणीतरी उचलून त्याची काठी केली होती, आणि ती काठी या पोरीच्या पाठीत बसली होती. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "रिकाम्या हातानं ये. पण ये. माह्यासाठी ये."

घरी इंद्रजीत सणासाठी सामान काढत होता. सोयाबीनचं पोतं, पहिल्या वेचणीचा कापूस, परड्यातले दोन भोपळे. "याडी, उद्या पयली साक्ष तुही हाय," तो आईला खुशीत म्हणाला. "रामधनकाकांनी बाहेरून पाहुणे पाळक बोलावले. ते तुही सारी गोष्ट सांगणार हायेत आधी."

"सांगू दे," हंसाबाई म्हणाली. तिचा तो सूर इंद्रजीतला लहानपणापासून ओळखीचा होता. त्यानं भोपळे हळूच खाली ठेवले.

सणाला मंदिर गच्च भरलं. वेदीपुढे यंदा पीकही तसंच होतं, ठेवायला जागा उरली नव्हती. हंसाबाईसाठी पुढे खुर्ची मांडली होती. ती तिच्यावर बसली, पण तिची नजर दाराकडेच. पहिलं गीत संपत आलं तेव्हा ममता आली. चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आतच, भिंतीला टेकून बसली. निघून जायला सोपं पडावं अशी ती जागा होती.

रामधनभाऊ उभे राहिले. नवा सदरा, चेहरा आनंदानं फुललेला. पाहुण्या पाळकांकडे, म्हणजे बाहेरच्या मंडळीच्या धर्मगुरूंकडे, वळून त्यांनी गोष्ट सुरू केली आणि फार छान सांगितली. काळं सोयाबीन, डोक्यावरचा भारा, ती साक्ष. ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन् मंग काय झालं?" रामधनभाऊंनी हात वर केला. "देवानं पायलं! पोराले नोकरी देली, विहिरीले पाणी देलं, स्लॅबचं घर देलं! जो खरे आभार मानते, त्याले देव असं भरून देते. या हंसाबाई, साक्ष द्या."

हंसाबाई उठली. कमरेवर हात गेले.

"खोटं हाय," ती म्हणाली.

 इंद्रजीतनं डोळे मिटून घेतले.

"रामधनभाऊ, सोयाबीन सडलं तवा म्या आभार मानले, खरं हाय. पण त्याच्यानंतरचं वर्ष कुठं गेलं तुमच्या गोष्टीतून? तुम्हीच ट्रॅक्टर काढलता नं? तुमच्याच ट्रॉलीत प्रेमसिंग गेला. माह्या मांडीवर गेला. माह्या आभाराले देव भरून देते म्हणता, मंग त्या वर्षी मले काय देलं? सांगा नं, सगळ्याईले सांगा!"

रामधनभाऊंचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

"आभार म्हणजे काय रोजंदारी हाय?" हंसाबाईचा आवाज चढला. "दिवसभर मानले, का संध्याकाळी मजुरी? घर हाय, फ्रिज हाय, पोरगा हाय, त्याचे आभार मी मानते. उद्या जाईन सारं, तरी मानीन. मले काय मिळते ते पाहून नाई मानत. मी रडली, भांडली, कितीतरी दिवस देवाशी बोल्ली नाई, तरी यानं मले हाकललं नाई. म्हणून मानते. दुसरं कारण माह्याकडे नाई. अन् ज्याचे बैल गेले त्याच्या आभारात खोट होती असं जो म्हणन, त्यानं आधी माह्या नवऱ्याचं मरण कोणच्या खोटीनं झालं ते मले सांगावं."

ती खुर्चीवर परत बसली नाही. मधल्या वाटेनं चालत मागे गेली, गुडघे दुखत होते तरी भिंतीला हात टेकत खाली बसली, ममताच्या शेजारी.  पुढे खुर्ची रिकामी राहिली.

पाहुणे पाळक घसा खाकरून उठले. शहाणा माणूस होता, उपदेश केला नाही. आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे का, एवढंच विचारलं.  अशा वेळी कोण उठणार?

ममता उठली. भिंतीचा आधार तिनं सोडला नाही.

"माह्ये बैल गेले," ती म्हणाली.  "मले देवाचा राग हाय. लय राग हाय. आज मले आभार मानता येत नाई." ती थांबली. सगळ्यांना वाटलं आता ही दाराबाहेर पडणार. तिनं दाराकडे पाहिलंही. "पण मी आली हाव," ती म्हणाली आणि परत होती तिथेच बसली.

"आमेन!" हंसाबाई ओरडली.

एकटीच. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. रागाला आमेन म्हणायचं असतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रामधनभाऊ तर वेदीपाशी उभेच होते. त्यांना ट्रॉलीतला तो दिवस आठवत असावा, कारण ते डोळे पुसत होते.

हंसाबाईनं खाली बसल्या बसल्याच कमरेवर हात ठेवले.

"मिठाची गुळणी धरून काहून बसले सारे? सोयाबीन सडलं तवा माह्या साक्षीले म्हटलं होतं नं आमेन? मंग या पोरीच्या साक्षीले म्हणा!"

पहिला आवाज रामधनभाऊंचा आला.