छत्तीसनंतरचा फोटो

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. तरी हे इतके दिवस कुणाला सांगितलं नाही... कारण हे सांगायचं तर माझी लबाडीही सांगावी लागते.

मी नागपुरात लग्नांचे फोटो काढायचो. रोलचा जमाना – एका रोलमध्ये छत्तीस फोटो. पाहुणे सारखे 'आमचाही काढा' म्हणून मागे लागायचे. मग आम्ही 'खाली फ्लॅश', म्हणजे रिकामा फ्लॅश, मारायचो. शटर दाबायचंच नाही, फ्लॅशच्या मागचं बटण तेवढं दाबायचं. उजेड पडतो, माणूस खूश, रोल वाचतो.

कामठीला आत्याबाईंच्या मुलीचं लग्न. शेवटच्या रोलमध्ये तीनच फोटो उरलेले आणि पाठवणी बाकी. तेवढ्यात आतोबा आत्याबाईंना ओढतच घेऊन आले.

"आमचा बी जोडीनं काढ गा. आमच्या लग्नात कोणी काढलाच नाही!"

"काही लाज? लोकं हासून राहिले," आत्याबाई म्हणाल्या. पण पदर नीट केला.

मी खाली फ्लॅश मारला.

चार महिन्यांनी आतोबा गेले. दिवस झाल्यावर आत्याबाईंनी तो फोटो मागितला. "धुताना खराब झाला," म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

यंदा नागपुरातच, बेसाच्या फ्लॅटवर, भर दुपारी, जुनी निगेटिव्ह स्कॅन करत होतो. त्या रोलच्या शेपटाला, पाठवणीच्या तीन फोटोंनंतर, कधीच प्रिंट न झालेला एक फोटो दिसला. आतोबा, आत्याबाई... आणि कडेला पाठमोरा मी. कॅमेरा डोळ्याला, अंगठा फ्लॅशच्या बटणावर.

माझ्याकडे कॅमेरा एकच होता. हा रोल त्यातच होता.

कडेचा भाग कापता आला असता. नाही कापला. प्रिंट घेऊन कामठीला गेलो. आत्याबाई बराच वेळ आतोबांच्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा पाठमोरा तूच ना? मंग फोटो कोणं काढला गा?"

मी सगळं सांगून टाकलं.

"मी पोरीच्या लग्नानंतर लगेच मागणार होती," त्या हळूच म्हणाल्या. "तर हेच मले रागवत. भाच्याले तंग नको करू, बरोब्बर आणून देते तो, म्हणत."

फोटो त्यांनी माझ्या हातात परत दिला.

"तुले काप यातून. मग भिंतीवर लावीन."

कापून दिला. लॅबवाल्या दोन जुन्या मित्रांना निगेटिव्ह दाखवलं, त्यांनाही काही सांगता आलं नाही. तो फोटो कुणी काढला, मला आजही माहीत नाही. निगेटिव्हमध्ये मी अजून तसाच उभा आहे.