खाडीकडे मारलेली हाक
जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण दिसलं की मला अमेरिकेतल्या एक आजी आठवतात; त्यांनी मला त्यांची वंशावळ शोधायचं काम दिलं होतं. तिथे इंग्रजांचं राज्य असताना राबलेला त्यांचा पूर्वज मी बोरिवलीत घरी बसून इंटरनेटवरच्या जुन्या कागदांत शोधत होते. अखेर, पळालेल्या नोकराला पकडून द्या म्हणून मालकाने वर्तमानपत्रात दिलेल्या एका जाहिरातीत तो सापडला. नावापुढे ‘हिंदुस्थानातला’ एवढंच होतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर आजी म्हणाल्या, “तुझ्या गावचा असेल?” “गाव लिहिलंच नाहीये हो.” “घरच्यांना कुणी कळवलंही नसेल. तिथून त्याला एकदा हाक मारशील?” मी फोन घेऊन गच्चीवर गेले. लांब खाडीवर केशरी धुकं पसरलं होतं. मी त्याच्या नावाने हाक मारली. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई वळून बघायला लागली, तरी पुन्हा मारली, मोठ्याने. तो कुठला, ते आजही मला माहीत नाही; ती दुसरी हाक मात्र मी आपल्याच घरचं माणूस हरवल्यासारखी मारली होती.