राष्ट्रपती करणारे मोठेबाबा

या देशाचा राष्ट्रपती गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातला एक धानाचा शेतकरी निवडतो, असे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो शेतकरी म्हणजे तो स्वतःच. माझ्या बायकोचे मोठेबाबा, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. "माह्या मतानं आमदार, आमदाराच्या मतानं राष्ट्रपती. मंग राष्ट्रपती कोणाचा?" असे विचारून ते समोरच्याचा चहा निवेपर्यंत उत्तराची वाट पाहत. मतदानाची शाई लवकर जाऊ नये म्हणून आंघोळ करताना ते बोट उंच धरून ठेवत. टीव्हीवर राष्ट्रपतींचा शपथविधी असला की धुतलेले धोतर नेसून, टोपी घालून वधूपित्यासारखे अवघडून बसत. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, विचारी, "तुमाले ओळखते तरी का तो?"

"ओळखाची गरज नाही. केलं ना मी."

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. शेजारच्या घरची सून उभी राहिली, तेव्हा मोठेबाबा तिच्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरले. ती निवडून आली. पण अध्यक्ष सदस्यांनी निवडायचा होता, आणि निकाल लागताच सदस्यांना बसमध्ये घालून कुठेतरी 'सहलीला' नेले. तिचा फोन बंद. अध्यक्षनिवडीच्या दिवशी मोठेबाबा मला घेऊन गोंदियाला गेले. पडदे लावलेली बस आली. सदस्य माना खाली घालून सभागृहात गेले, आणि ज्या पक्षाविरुद्ध मोठेबाबांनी मते मागितली होती, त्याच पक्षाच्या माणसासाठी तिने हात वर केला.

ती बाहेर येताच मोठेबाबा तिला आडवे गेले. "काऊन वं बाई? गावानं तुले याच्यासाठी पाठवलं होतं?"

ती वाकून त्यांच्या पाया पडली. "मोठेबाबा, मले कोणी इचारलंच नाही. घरच्याईनं सांगतलं, हात वर कर. केला."

तेवढ्यात तिच्या नवऱ्याने तिला गाडीत बसवले.

परतीच्या एसटीत गाव जवळ आले तेव्हा मोठेबाबा खिडकीकडे पाहतच म्हणाले, "जवाईबापू, हिचं असं, तं आमदाराचं कोणी सांगावं?"

अजूनही गावात तिला नावे ठेवतात. परवा पानठेल्यावर एकाने तिला शिवी हासडली. मोठेबाबा कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "राहू दे बापा. त्या पोरीनं मत देलंच कुठी?" ते उठले आणि बांधावरून एकटेच शेताकडे चालू लागले.