सातव्या छपरावरचा धूर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. चिंचवड गावठाणात माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. शेजारच्या खोलीतला सखाराम पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कामाला. त्याची वाडी भोरगिरीच्याही वर, डोंगरात, जेमतेम सात घरांची. आई तिथं एकटी. ती इकडे यायला तयार नाही, याला रजा नाही. निदान वाडीचं चित्र तरी काढून द्या, म्हणाला. तो सांगत गेला, मी फळीवर रंगवत गेलो... सात छपरं, सातांवर चुलीचा धूर.

दुसऱ्या सकाळी सहाच धूर! ओढ्यापलीकडचं सातवं छप्पर, म्हणजे त्याच्या आईचं घर, कोरं. तेल भेसळीचं म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या आणि धूर पुन्हा काढला. सकाळी गायब. मग मीही हट्टाला पेटलो. नवं तेल, नवा ब्रश... तिसऱ्या सकाळीही तेच.

मी सखारामला दाखवलं. त्यानं सातव्या छपरावर बोट ठेवलं.

"पेंटर, आमच्याकडं घरात माणूस गेलं तरच चूल बंद ऱ्हाती."

रंगाचा दोष आहे, मी परोपरीनं सांगितलं. नोकरी जाईल म्हटलं. "जाऊ द्या," म्हणाला आणि तसाच चाकणच्या रस्त्यानं वाडीकडे निघाला.

पाचव्या दिवशी तो आईला घेऊन आला. पाय मोडून ती घरात पडून होती. ओढ्याला पूर, त्यात दाट धुकं. पलीकडे धूर आहे की नाही, शेजाऱ्यांना दिसणार कसं? सखाराम कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला होता.

पाय बरा होताच म्हातारीनं परत जायचा धोशा लावला. "माझी चूल तिथं हाय," एवढंच बोलायची. शेवटी तो तिला पोचवायला गेला. दोन दिवसांनी पाहतो तर सातव्या छपरावर धूर... मी फळीला हातही लावला नव्हता. सखाराम परतल्यावर कळलं, त्याच सकाळी तिनं चूल पेटवली होती.

मी आपला साधा रंगारी. त्यानंतर त्या फळीला मी कधी ब्रश लावला नाही, ती दुकानातच टांगून ठेवली.

सखारामची पहिली नोकरी गेलीच होती, पण दुसरीकडे मिळाली. रोज शिफ्टला जाताना तो दुकानात डोकवायचा, धूर बघायचा आणि सायकलवर टांग मारायचा. अशी बरीच वर्षं गेली.

मग एका सकाळी धूर नव्हता. या वेळी मी तेलाला दोष दिला नाही. दुकान बंद केलं आणि त्याच्याबरोबर निघालो.