वायपरला खोबरेल

जगात जी जी वस्तू कुरकुरते तिला फक्त खोबरेल हवे असते, असे माझ्या मामाचे ठाम मत. दार, पंखा, मामीचे गुडघे, सगळ्यांना एकाच बाटलीतले तेल. "आवाज ईलो काय तेल घालूचा. ह्या शास्त्र आसा!" शेजारचे भजनीबुवा वरच्या पट्टीत गेले की मामाचा हात आपोआप बाटलीकडे जाई. गावाने त्याचे नाव तेलमामाच ठेवले.

त्याच्या जुन्या गाडीच्या वायपरने मात्र या शास्त्राचा पार घाम काढला. मालवणात तो सुरू केला की विजयदुर्गाच्या तटावरच्या घारी उडत. खोटे वाटत असेल तर घारींना विचारा. मासळीबाजारातल्या बायका भाव सांगता सांगता थांबत, आपल्याहून मोठ्याने कोण ओरडते ते बघायला.

एका श्रावणात मामाच्या लेकीची, सुमीची, ओरोसला नोकरीची मुलाखत होती. दोनदा नोकरी हुकलेली, वयाची मर्यादा संपत आलेली. ही शेवटचीच संधी. पोरीला वाटेत शांतपणे वाचता यावे म्हणून मामाने वायपरच्या रबराला चोळचोळून तेल लावले. उरलेले प्रेमाने काचेला.

कसालच्या अलीकडे पाऊस कोसळला. मामाने वायपर लावला आणि, देवाशपथ सांगतो, अजिबात आवाज आला नाही! मामाने वळून मागे बसलेल्या सुमीकडे आणि माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले. मागे पाहिले तेच बरे, कारण पुढे बघण्यासारखे काही उरलेच नव्हते. काचेवर सप्तरंगी साय पसरली होती. समोरून येणारी एसटी मला देवाच्या पालखीसारखी दिसली.

मामाने गाडी एका चहाच्या टपरीपाशी कडेला घेतली, डिकीतला नारळ बॉनेटवर ठेवला आणि भर पावसात हात जोडून गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा! आमच्या काचेर जा काय धुका ईला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टपरीवरची सगळी गिऱ्हाइके चहाचे पेले उंचावून ओरडली. सवयीने मीही.

सुमी तोवर टपरीवाल्याकडून भांडी घासायचा साबण घेऊन आली होती. इस्त्रीच्या साडीचा पदर खोचून तिने काच घासली, रबर घासले.

"गो, पुन्ना बोंबलतलो तो!" मामा कळवळला.

"बोंबलांदे, बाबा! माका रस्तो दिसांदे!"

वायपर बोंबलला. कानांत बोटे घालून उत्तरे घोकत सुमी वेळेवर पोचली, आणि नोकरीला लागलीही.

पावसाळा सरल्यावर तिला ओरोसच्या सरकारी वसाहतीतल्या खोलीत सोडून आम्ही दोघेच परत निघालो. लख्ख ऊन पडले होते. तरी मामाने वायपर सुरू केला. कोरड्या काचेवर तो असा किंचाळला की रस्त्यावरची म्हैस शेतात उतरली.

"मामा, पाऊस खंय आसा?"

"चलांदे रे," समोर बघत तो म्हणाला. "गाडयेत कोणीतरी बोलूक व्हया."